पहिल्या दिवसाची उजळणी: अँकीतील छोटी अंतरे कशी ठरवावीत

इंदुरात एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारी मुले अँकीत, म्हणजे ठरावीक अंतराने प्रश्नोत्तरांची कार्डे दाखवून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये, कार्डे हौसेने भरतात, पण नवे कार्ड पहिल्या दिवशी किती वेळाने पुन्हा समोर यावे, हे मात्र अ‍ॅपच्या मूळ सेटिंगवर सोडून देतात. तेथे १ मिनिट आणि १० मिनिटे अशा दोन पायऱ्या असतात. नव्या कार्डावर ‘गुड’ (उत्तर आठवले) हे बटण दाबले की ते १० मिनिटांनी येते, आणि तेव्हा पुन्हा ‘गुड’ दाबले की थेट दुसऱ्या दिवशी.

ही १० मिनिटे बहुधा नावापुरतीच असतात. ‘लर्न अहेड लिमिट’ ही सेटिंग मुळात २० मिनिटांवर असल्यामुळे, दुसरे कार्ड शिल्लक नसेल तर तेवढ्या वेळात येणारे कार्ड अ‍ॅप लगेच दाखवून मोकळे होते. भंवरकुआँच्या वाचनालयात बैठक संपवताना शेवटची चार-पाच कार्डे म्हणूनच भराभर ‘येतात’. उत्तर आठवलेले नसते, नुकतेच वाचलेले ते डोळ्यांसमोर असते. यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ही मर्यादा शून्य करावी, किंवा शेवटची पायरी २० मिनिटांहून लांब ठेवावी. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे.

किती लांब, हे आपल्या दिनक्रमावरून ठरवावे. सकाळी नवी कार्डे घेऊन दुपारी पुन्हा बसणे जमत असेल, तर डेक ऑप्शन्समधील ‘लर्निंग स्टेप्स’मध्ये १० मिनिटे आणि ४ तास असे लिहावे. रात्री एकदाच बसणाऱ्याला ४ तासांचा उपयोग नाही, कारण ते कार्ड दुसऱ्या दिवशीच दिसेल. त्याने १० आणि ३० मिनिटे ठेवावीत. एफएसआरएस (पुढच्या उजळण्यांची अंतरे स्वतः ठरवणारी अँकीतील पद्धत) चालू असेल तर एक दिवस किंवा त्याहून मोठी पायरी मुळीच देऊ नये, ते काम त्याच्यावर सोपवावे.

बदल केल्यावर आठवडाभर फक्त एक गोष्ट मोजावी: काल शिकलेल्या कार्डांपैकी आज किती ‘अगेन’ झाली, म्हणजे विसरल्यामुळे ते बटण दाबावे लागले. विसरलेल्या कार्डावर संकोचाने ‘हार्ड’ दाबू नये, कारण ‘हार्ड’ म्हणजे उत्तर आठवले, असेच अ‍ॅप धरते आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही. वीसपैकी चार-पाच कार्डे रोज गळत असतील, तर शेवटची पायरी वाढवून पाहावी. मात्र तीच ती कार्डे गळत असतील, तर दोष कार्डाचा असतो. मल्हाररावांचा मृत्यू १७६६ आणि अहिल्याबाईंच्या कारभाराचा आरंभ १७६७, ही दोन कार्डे कोणत्याही अंतराने एकमेकांत मिसळतच राहतात. मधल्या काळात गादीवर मालेराव होते, असे तिसरे कार्ड घातले की गुंता सुटतो.

जुने कार्ड चुकले, तर ‘रिलर्निंग स्टेप्स’मधली मूळची १० मिनिटांची एकच पायरी बहुतेकांना पुरते; मात्र बैठकीच्या अखेरीस तीही वर सांगितलेल्या मर्यादेत सापडते, म्हणून तेथे ३० मिनिटे लिहिलेली बरी.