जुनं इंजिन घेताना सीसीवर जाऊ नका

पिकअपचं इंजिन जाम झालं की गॅरेजबाहेर सल्लागारांची रांग लागते. "सेम सीसीचं बघ, बसून जाईल," हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला. बोलेरो पिकअपचंच घ्या. २५२३ सीसी हा आकडा मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनाचाही आणि नंतर आलेल्या कॉमन रेलचाही, म्हणजे ज्यात डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडलं जातं त्या इंजिनाचाही. पहिल्याला पाना-पकड पुरते, दुसऱ्याला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि लॅपटॉपवाला लागतो.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली केळी आणि सुपारी शुक्रवारच्या म्हापसा बाजाराला नेणाऱ्या आमच्या दोन पिकअपना मिळून आजवर चार वेळा जुनं इंजिन चढवलं. तीन नीट चढली. एकाने अख्खा आठवडा खाल्ला, आणि हा लेख मुख्यतः त्या आठवड्याचा आहे.

आधी आरसी काढा आणि तिच्यावरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं, मग तुम्ही सगळी शोधाशोध चुकीच्या कागदावरून कराल. नंबराच्या सुरुवातीची अक्षरं इंजिनाची जात सांगतात, ती विकणाऱ्याच्या इंजिनावर तशीच हवीत. चेसी नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक वेळा मॉडेलचं वर्ष दाखवतं. नुसतं "२०१७ चं आहे" एवढ्यावर भागत नाही, कारण १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीची गाडी बीएस-३ ची असू शकते, दिवाळीतली नाही. तीच गोष्ट १ एप्रिल २०२० आणि बीएस-६ ची.

गोव्यात पर्याय थोडे, म्हणून माणसं चोर्ला घाटाने बेळगावला जातात, नाहीतर कोल्हापूर, अगदीच नाही तर मुंबईला कुर्ला. इथलंच इंजिन मिळालं तर दोन गोष्टी पाहा. गाडी मासळी वाहत होती का? बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं ठिबकून फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं त्याचे) बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे भाग खाल्लेले असतात. खाणपट्ट्यातली होती का? मग एअर क्लिनरच्या पाइपात आतून बोट फिरवा. बोट लाल झालं तर ती धूळ सिलिंडरच्या बोअरमध्येही गेली आहे. २०१२ च्या खाणबंदीनंतर कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं अंगणात उभ्या राहिल्या. "फक्त चाळीस हजार चाललेलं" हे अशा इंजिनाचं कौतुक नव्हे, उभ्या उभ्या पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

कॉम्प्रेशन तपासा, चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर निघून या.

आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. इथे मी आपटलो. बेळगाववरून आणलेलं ते कॉमन रेल इंजिन दिसायला चोख होतं, नंबराची अक्षरं जुळत होती, कॉम्प्रेशन चांगलं होतं. दोन दिवस खपून चढवलं, सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, फिरतंय, आग काही धरत नाही. मिस्त्रीने डिझेल लाइनमधली हवा काढली, रिले बदलले, बॅटरी बदलली. तिसऱ्या दिवशी डिचोलीहून स्कॅनरवाला आला. त्याने पाहिलं, सेल्फ चालू असताना क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरचा, सिग्नलच येत नव्हता. नवा सेन्सर आणला. तरी नाही.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा कळलं. आमच्या गाडीत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलकडे तोंड करून बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या खाचा मोजतो. या इंजिनाला जो फ्लायव्हील लावला होता, त्याला खाचाच नव्हत्या. व्यास तोच, बोल्टची भोकं तीच, सेल्फच्या रिंगचे दातही तेच. भंगारवाल्यांकडे क्लच आणि फ्लायव्हील वेगळे विकले जातात आणि इंजिन रिकामं दिसू नये म्हणून हाताला येईल तो फ्लायव्हील चढवतात. त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. पण पुन्हा गिअरबॉक्स चढवायची मजुरी मीच दिली.

तेव्हापासून माझा नियम एकच: आपलं बिघडलेलं इंजिन आधी उतरवायचं आणि त्याचा फ्लायव्हील गाडीत घालून सोबत न्यायचा. जड आहे, पण न्या. फोटोवर भागत नाही. दोन्ही शेजारी जमिनीवर ठेवा आणि सेन्सरच्या खाचा बोटाने मोजा, मधली रिकामी जागा कुठे येते तेही पाहा. रिंगचे दात मोजा. क्लच प्लेट जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आधीच सरकवून बघितलेली असू द्या. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं छोटं बेअरिंग) आहे की नुसतं भोक, तेही पाहा. सगळं जुळलं तरीही मी चढवताना माझाच जुना फ्लायव्हील लावतो, तडे नसतील आणि क्रँककडची भोकं जुळत असतील तर. विकणारा म्हणेल, "साहेब, डोळे मिटून न्या." डोळे उघडे ठेवून न्या.

बाकीचं सोपं. ऑइल चेंबरचा आकार ताडून पाहा. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी असेल तर पुढच्या डिफरन्शियलला चेंबर लागू शकतो. आपला जुना चेंबर बसत असेल तर तोच लावा. फाउंडेशनचे ब्रॅकेट आणि एसीचा ब्रॅकेट तुमचेच. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अनेक डिझेल गाड्यांत डायनामोच्या मागे असतो. डायनामो बदलताना तो राहिला तर चोर्ल्याच्या उतारावर ब्रेक दगडासारखा लागेल.

वायरिंग आणि ईसीएम स्वतःचेच ठेवा. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा ईसीएम चावी आणि इमोबिलायझरशिवाय (चोरीविरोधी यंत्रणेशिवाय) घेणं म्हणजे नवी डोकेदुखी विकत घेणं. मात्र इंजिनासोबत आलेले नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) वापरणार असाल तर प्रत्येक नोझलच्या डोक्यावरचा कोड इंजिन खाली असतानाच टिपून घ्या. तो ईसीएममध्ये भरला नाही तर आयडलला इंजिन थरथरतं आणि धूर ओकतं, मग सगळे टायमिंगला दोष देत बसतात.

कागदाचं काम पैसे देण्याआधीचं आहे. इंजिन नंबर लिहिलेलं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मागा. ब्लॉकवर नंबर घासलेला असेल, तर फुकट दिलं तरी नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची परवानगी घ्या आणि इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांत आरसीसह कळवा. विमा कंपनीलाही नवा नंबर द्या.

आणि नंबराची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा, इंजिन चढवायच्या आधीच घेऊन ठेवा, दोन-तीन. आमच्या पिकअपमध्ये तो नंबर चढवल्यावर केबिनच्या बाजूला जातो. एकदा आरटीओच्या आवारात इन्स्पेक्टर उभा असताना, गरम सायलेन्सर पाइपाच्या मागून कागद आणि पेन्सिल घालून तो उमटवायचा प्रयत्न मी केला आहे. मनगटावर अजून डाग आहे.