गिटार शिकण्यासाठी चांगले व्हिडिओ कसे निवडावेत

गिटारचे धडे शोधायला बसलं की आधी भुरळ पडते ती वाजवणाऱ्याच्या सफाईची. पण सुरेख वाजवता येणं वेगळं आणि नवशिक्याला शिकवता येणं वेगळं. तुम्हाला गरज आहे ती दुसऱ्या गुणाची. म्हणून माझी कसोटी सरळ आहे. व्हिडिओ बंद करून गिटार हातात घेतली की पुढचा अर्धा तास नेमका कशाचा सराव करायचा, हे कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर शिक्षक कितीही नामांकित असो, तो धडा तुमच्या कामाचा नाही.

पहिली पायरी : गिटार कोणती आणि वाजवायचंय काय, हे ठरवा

स्टीलच्या तारांची अकूस्टिक, नायलॉनच्या तारांची क्लासिकल आणि इलेक्ट्रिक, या तिघींचे धडे एका मर्यादेनंतर वेगळे होतात. क्लासिकलमध्ये बसण्याची पद्धत आणि उजव्या हाताची बोटं यांवर भर असतो, तर इलेक्ट्रिकमध्ये नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवणं हीच मोठी विद्या असते. गाण्याला साथ करायची असेल तर कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) आणि स्ट्रमिंग (तारांवरून हात वर-खाली फिरवत वाजवणं) यांपासून सुरुवात करणारा धडा घ्या. स्केलपासून, म्हणजे ओळीने एकेक वाजवायच्या स्वरांपासून, सुरू होणारे धडे तूर्त बाजूला ठेवा.

दुसरी पायरी : एकच विषय तीन शिक्षकांकडून पाहा

निवडीचं खरं काम इथे होतं. ‘जी मेजर’ या कॉर्डवरून ‘सी मेजर’ या कॉर्डवर कसं जायचं, एवढाच विषय घ्या आणि तीन वेगवेगळ्या शिक्षकांचे धडे गिटार हातात घेऊनच बघा.

सामान्य शिक्षक दोन्ही कॉर्डच्या आकृत्या दाखवतो, आणि ‘आता हळूहळू सराव करा’ म्हणून पुढे जातो. चांगला शिक्षक इथे थांबतो. तो सांगतो की ‘जी मेजर’ धरताना अनामिका सहाव्या (सर्वांत जाड) तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला कप्पा), मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या (सर्वांत बारीक) तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. मग ‘सी मेजर’कडे जाताना अनामिका आणि मधलं बोट आहे त्याच आकारात फक्त एकेक तार खाली, म्हणजे बारीक तारांकडे, सरकतात, करंगळी उचलली जाते आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते. ‘जी मेजर’ धरायच्या आणखीही पद्धती आहेत, पण या बदलासाठी हीच का सोपी, हे कारणासकट सांगणारा शिक्षक मिळाला की समजा, याने नवशिक्यांचे हात जवळून पाहिलेत.

आणखी एक खूण बघा. ‘सी मेजर’ धरल्यावर तर्जनी आडवी पडून पहिल्या तारेला टेकते आणि ती तार ठप्प वाजते. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. चांगला शिक्षक मुद्दाम ते चुकीचं करून दाखवतो. तो एकेक तार सुटी छेडून ठप्प आवाज तुम्हाला ऐकवतो, आणि बोट कमानीसारखं उभं केल्यावर तीच तार कशी मोकळी वाजते तेही ऐकवतो. चुका आधीच ओळखून त्या ऐकवणं हा गुण मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

तिघांपैकी ज्याचं ऐकून बदल सर्वांत जास्त सुधारला, तो तुमचा शिक्षक. निदान पहिले काही महिने त्याच्याचपाशी राहा.

तिसरी पायरी : कॅमेरा आणि आवाज तपासा

डाव्या हाताची बोटं कोणत्या तारेवर आहेत हे स्पष्ट दिसायला हवं आणि स्ट्रमिंग शिकवताना उजवं मनगटही. फक्त चेहरा आणि अर्धी गिटार दिसत असेल तर तो व्हिडिओ सोडा. आवाज साधा, कोरडा हवा. मागे ड्रम आणि भरपूर घुमारा असला की तुमची तार खरखरतेय की त्याची, हे कळत नाही. धड्याच्या सुरुवातीला सूर जुळवून घेतले जातात का, तेही पाहा. नेहमीचं ट्यूनिंग जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असं असतं. शिक्षकाने कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा) लावला असेल किंवा तारा अर्ध्या सुराने उतरवल्या असतील आणि ते सांगितलंच नसेल, तर तुमचं बरोबर असूनही तुम्हाला चूक वाटत राहील.

चौथी पायरी : सुटे धडे नकोत, क्रम हवा

एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास व्हिडिओ पाहण्यापेक्षा क्रमाने लावलेला एक अभ्यासक्रम घ्या. जस्टिन सँडरको यांचं ‘जस्टिन गिटार’ हे संकेतस्थळ 2003 पासून आहे. तिथला पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा नवशिक्यांचा अभ्यासक्रम मोफत आहे. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने 2017 मध्ये ‘फेंडर प्ले’ ही सशुल्क सेवा सुरू केली. पैसे भरले म्हणजे शिकवणं आपोआप चांगलं होतं असं नाही. पैशांच्या बदल्यात मिळतो तो मुख्यतः क्रम आणि मांडणी. आधी मोफत धडे पाहा, मगच ठरवा.

अभ्यासक्रमात एक गोष्ट नक्की तपासा : ‘एफ मेजर’चा बार कॉर्ड, म्हणजे एकच बोट आडवं ठेवून अनेक तारा दाबायचा कॉर्ड, कधी येतो? पहिल्या काही धड्यांतच तो पुढ्यात टाकला असेल, तर नवशिक्याची बोटं कितपत तयार असतात याचा विचार तिथे झालेला नाही.

गाणी शिकवणारे व्हिडिओ जोडीला जरूर ठेवा, त्यांनीच हुरूप टिकतो. मात्र त्यातल्या कॉर्ड मूळ गाण्याबरोबर वाजवून कानाने पडताळा.

पाचवी पायरी : धडा वापरायचा कसा

यूट्यूबवर वेग 0.5 किंवा 0.75 केला तरी स्वर बदलत नाही. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळा दाबल्या तर चित्र एकेक फ्रेमने मागेपुढे सरकतं. बोट नक्की कधी उचललं जातं हे त्यातून लख्ख दिसतं. मग व्हिडिओ बंद करा, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन) लावा आणि एका मिनिटात ‘जी’वरून ‘सी’वर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते मोजून लिहून ठेवा. आकडा आठवडाभरात हललाच नाही, तर तोच विषय दुसऱ्या शिक्षकाकडून पाहायला हरकत नाही.

बोटांच्या टोकांना सुरुवातीला दुखतं. कातडी घट्ट झाली की ते कमी होतं. पण मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर वाजवणं लगेच थांबवा. व्हिडिओतल्या शिक्षकाला तुमचा हात दिसत नाही. फोनवर स्वतःच्या हाताचं चित्रीकरण करून त्याच्या हाताशेजारी ठेवून बघा. मनगट किती वाकलंय आणि अंगठा गिटारच्या मानेमागे कुठे आहे, हे आधी तपासा. तरीही दुखणं थांबलं नाही, तर एखाद्या शिक्षकाला समोर बसून हात दाखवा, आणि दुखणं रेंगाळलं तर डॉक्टरांना.