नागपुरात हाफ मॅरेथॉन पळताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या आदल्या रात्री मी सावजी मटण खाल्लं. मेहुणा गावाहून आला होता, त्याला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कस्तुरचंद पार्कवर तात्पुरत्या शौचालयाच्या रांगेत माझ्यापुढे तीसेक माणसं होती आणि माइकवर उलटी गिनती सुरू झाली होती. पुढचं सांगत नाही. आदल्या रात्री वरण-भात, पोळी, साधी भाजी, तेही आठच्या आत. पाहुण्यांना सावजी शर्यतीनंतर खिलवा.

पण मटण ही किरकोळ चूक. शर्यतीचा खरा घात होतो पहिल्या तीन किलोमीटरात.

डिसेंबरची पहाट, हवेत गारवा, ढोल-ताशे, गाड्या बंद असलेला सिव्हिल लाइन्सचा रुंद रस्ता आणि आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय. कोणीही उधळतंच. मला २१.१ किलोमीटर सव्वादोन तासांत संपवायचे होते, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद. पहिले तीन मी ५:४० नं मारले आणि खूश झालो. लॉ कॉलेज चौकाच्या अलीकडे साठीचे एक काका शेजारून म्हणाले, "काऊन एवढी घाई करून राहिला भाऊ? टेकडी यायचीच आहे अजून." मी हसलो आणि त्यांना मागे टाकलं.

वेग वाढला की शरीर साठवलेली साखर भराभर जाळतं, आणि जोरात पळणाऱ्याला हा साठा दीड-दोन तासच पुरतो. सुरुवातीला उधळलेले सेकंद शेवटी मिनिटांनी वसूल होतात. माझी वसुली फुटाळ्यावर सुरू झाली. तलावाकडून वायुसेनानगरकडे रस्ता चढतो तिथे, तेराव्या किलोमीटरला, मांड्या दगड झाल्या. काका बाजूनं निघून गेले, त्याच चालीनं, वळूनही न पाहता. मी २ तास ३८ मिनिटांत पोचलो. पुढच्या वर्षी पहिले तीन किलोमीटर मुद्दाम ६:५० नं काढले. लोक भरभर पुढे जात होते, जीव तुटत होता. पण २:१९ आले. सराव फारसा वाढवला नव्हता.

"नागपूर तर सपाट आहे" हे वाक्य सेमिनरी हिल्स न पळलेला माणूस बोलतो. शर्यतीच्या मार्गात हा भाग असेल तर आधीचे तीन-चार रविवार तिथेच पळा. चढावर घड्याळ बघू नका, श्वास बघा: दोन शब्द बोलता येत नसतील तर वेग जास्त आहे. उतारावर लांब ढांगा टाकत सुटायचा मोह होतो. तो सगळा मार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उलटं तोंड करून उतरावा लागतो.

नवीन काहीही नको

बर्डीवरून आदल्या संध्याकाळी घेतलेले बूट दुसऱ्या दिवशी घालणारा मी एकटा नसणार. पळताना पाय सुजतात, त्यामुळे बूट अर्धा नंबर मोठा लागतो, आणि तो निदान चाळीस-पन्नास किलोमीटर वापरलेला हवा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड येतात. टाच गरम-गरम वाटू लागली की तिथेच थांबा, मोजा सरळ करा, चिकटपट्टी लावा. "पुढे बघू" म्हणालात की फोड फुटलाच.

आयोजकांनी दिलेला टी-शर्टही त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. माझ्या शेवटच्या रेषेवरच्या फोटोत छातीवर, कापड घासून रक्त आलेले, दोन लाल ठिपके आहेत. बायकोनं तो फोटो फ्रेम करू दिला नाही. मांड्या, काखा आणि छातीला व्हॅसलीन लावायला अर्धा मिनिट लागतो.

पाणी

थंडीत तहान कळत नाही म्हणून काही जण पितच नाहीत, आणि घाबरलेले काही जण प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवतात. दुसरी चूक जास्त वाईट. नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, मग भ्रम. तहानेप्रमाणे घोट-घोट प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. मी ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं होतं आणि पोटानं लगेच हिशेब चुकता केला. संत्र्याच्या फोडी वाटणारी मुलं वाटेत दिसली की विदर्भाचा माणूस नाही म्हणत नाही, पण सरावात कधी खाल्ल्या नसतील तर त्याही शर्यत संपल्यावरच.

वाटेत बिघडलं तर

बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, श्वास लांब सोडा, दुखतं तिथे बोटांनी दाबा. पोटरीत गोळा आला तर थांबून गुडघा सरळ ठेवा आणि पायाचा पंजा स्वतःकडे ओढा. चोळत बसण्यापेक्षा यानं लवकर सुटतो. छातीत दुखणं, गरगरणं, अंगावर अचानक काटा येऊन थंडी वाजणं, यात मर्दुमकी नको. खाली बसा, स्वयंसेवकाला हाक मारा. आणि "दुखू नये म्हणून" सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन येऊ नका. शरीरातलं पाणी कमी होत असताना ती मूत्रपिंडाला महागात पडते.

घड्याळात २१.४ दिसले म्हणून आयोजकांशी भांडू नका. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या बाजूनं, सर्वात जवळच्या वाटेनं. आपण गर्दीत नागमोडी पळतो.

बिब (छातीवर लावायचा नंबरचा कागद) टाचण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा. एकदा पिना लावल्या की थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी त्या निघत नाहीत.

पोचल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. मग पार्काजवळच्या ठेल्यावर पोहे. तर्री पहिल्या प्लेटवर थोडी घ्या. दुसऱ्या प्लेटवर मी कोणाचं ऐकत नाही.