हाताने चालणारी धुण्याची यंत्रं: मुंबईच्या मोरीत ती कशी वापरायची

विजेशिवाय कपडे धुवायचं साधन घ्यायचं म्हटलं की बहुतेकजण आधी हँडलचं पिंप शोधतात. पैसे मोजकेच असतील तर ते सगळ्यात शेवटी घ्या. धुण्याची कामं चार: भिजवणं, घुसळणं, खळबळणं आणि पिळणं. घुसळायला बादली आणि दांड्याला लावलेली रबराची वाटी, म्हणजे दट्ट्या, पुरते. मनगटं भरून येतात ती पिळताना, आणि पाणी संपतं ते खळबळताना. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, दोरी गॅलरीत असते आणि खालच्या मजल्यावर कुणाचं तरी लोणचं वाळत असतं. अशा घरात पहिला खर्च पिळायच्या रुळांवर करावा, म्हणजे दोन रुळांमधून कपडा दाबून काढायच्या यंत्रावर. नंतर दट्ट्या, मग घासायची फळी, आणि जागा उरलीच तर पिंप.

विजेच्या आधीच्या काळात युरोप-अमेरिकेत ही साधनं घरोघरी होती. इंग्लंडमध्ये भोकं पाडलेली तांब्याची घंटा लांब दांड्याला लावून पिंपातले कपडे दाबत. दुसरं साधन डॉली, म्हणजे दांड्याच्या टोकाला तीन ते सहा पाय. ते रवीसारखं अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवायचं. पन्हळीच्या पत्र्याच्या फळीचं पेटंट अमेरिकेत स्टीफन रस्ट यांनी १८३३ मध्ये घेतलं. १८५१ मध्ये जेम्स किंग यांचं फिरत्या पिंपाचं यंत्र आलं आणि १८५८ मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांचं. आपल्याकडे दगड आणि धोपटणं यांवर भागत होतं. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आजही प्रत्येक हौदाला आपटायचा दगड आहे. दगडावर मळ चटकन निघतो, कारण प्रत्येक फटक्याला धाग्यांतलं पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. पण बटणं फुटतात, शिवणी उसवतात, आणि चौथ्या मजल्यावर आपटलेली चादर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. दट्ट्या तेच काम आवाज न करता करतो, थोडं सावकाश.

दट्ट्या घरी करायचा तर

तुंबलेल्या नळीसाठी मिळतो तो जाड रबराच्या वाटीचा पंप घ्या, अर्थात कोरा. वाटीचं तोंड १२ ते १४ सेंटीमीटर असावं. वाटीच्या वरच्या उतारावर १० मिलिमीटरची चार भोकं समोरासमोर पाडा. भोकं नसली तर वाटी कापडाला घट्ट चिकटते आणि ओढताना कापड ताणलं जातं. जास्त पाडली तर पाणी नुसतं भोकांतून निसटतं, कपड्यांतून जात नाही. पंपाबरोबर येणारा दांडा आखूड असतो. त्यावर वाकून दहा मिनिटं काम केलं की कंबर बोलते. तो काढून २५ मिलिमीटर जाडीचा, ८० ते ९० सेंटीमीटर लांब, गुळगुळीत दांडा बसवा. बादली जमिनीवर ठेवल्यावर दांड्याचं टोक कोपराच्या आसपास यायला हवं. वाटी आणि दांडा जोडायला स्टेनलेस स्टीलचाच स्क्रू वापरा. साधा खिळा महिन्याभरात गंजतो आणि त्याचे पिवळे डाग पांढऱ्या शर्टवर उमटतात. दांडा, स्क्रू, क्लॅम्प असलं सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतं.

बादली २० ते २५ लिटरची, झाकणाची घ्या. झाकणाच्या मधोमध ४ सेंटीमीटरचं भोक पाडून त्यातून दांडा काढला की अंगावर शिंतोडे उडत नाहीत. पातळ बादली दोन-तीन महिन्यांत तळाशी चिरते. रंगाची रिकामी बादली जाड असते, पण ती पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री होईपर्यंत तिच्यात पांढरे कपडे घालू नका.

एक घाणा

२० लिटरच्या बादलीला १२ लिटर पाणी आणि दीड किलो सुके कपडे, याहून जास्त नाही. दीड किलो म्हणजे साधारण दोन शर्ट, एक पातळ पँट, दोन बनियन आणि एक टॉवेल. बादली ठासून भरली की मधले कपडे जागचे हलतच नाहीत. वरचे उजळतात आणि आतले मळकेच राहतात.

पावडर आधी पाण्यात विरघळवा, मग कपडे टाका. सुक्या कपड्यावर पडलेली पावडर गडद रंगावर पांढरे ठिपके ठेवते. मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मऊ आहे. त्यामुळे १२ लिटरला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम पावडर भरपूर होते. पावडर मशीनची, कमी फेसाची घ्या. फेस जास्त झाला की दट्ट्या फेसातच वरखाली होतो, जोर कापडापर्यंत पोचत नाही, आणि तोच फेस घालवायला पुढे दोन बादल्या पाणी जातं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. जड पाण्यात साबणाची वडी वापरली तर फेस न होता करडी साय जमते आणि ती कापडावर बसते. अशा वेळी साबणाआधी १० लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून घ्या. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. धुण्याचा सोडा रेशीम आणि लोकर यांना लावू नये, ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नये, आणि हातमोज्यांशिवाय त्यात हात घालू नये.

कपडे अर्धा तास भिजू द्या. नळाचं पाणी आपल्याकडे बारा महिने फार थंड नसतं, म्हणून गरम पाणी तेलकट मळापुरतंच. रक्ताचे आणि दुधाचे डाग असतील तर गरम पाणी अजिबात नको, ते डाग पक्के होतात.

आता दट्ट्या. चुका इथेच होतात, कारण हातात दांडा आला की माणूस कांडायला लागतो. दट्ट्या खाली हळू न्यायचा, कपड्याला टेकेपर्यंत, आणि वर झटक्याने ओढायचा. वर येताना वाटीखाली ओढ तयार होते आणि पाणी धाग्यांमधून खेचलं जातं. मळ त्या पाण्याबरोबर निघतो. मिनिटाला ५०-६० वेळा या लयीत तीन मिनिटं करा, कपडे खालीवर करा, दहा मिनिटं राहू द्या, परत तीन मिनिटं. दर वेळी दट्ट्या थोडा सरकवायचा. एकाच जागी मारलं की खालचा कपडा पिळा पडून गुंततो.

साडी कधीही बाकीच्या कपड्यांबरोबर टाकू नका. साडेपाच मीटरचं कापड शर्टाच्या बाह्यांना वेढे घालतं आणि सोडवताना जर किंवा काठ ओढला जातो. सुती साडी लांबीत चार पदरी करून, मग सैल घडी घालून एकटीच धुवा. नऊवारी असेल तर बादलीऐवजी टब घ्या. रेशमी साडीला यातलं कुठलंच यंत्र लावायचं नाही.

फळी फक्त कॉलरसाठी

पन्हळीच्या फळीवर सगळं धुणं घासत बसणं म्हणजे कपड्यांचं आयुष्य घासून कमी करणं. तिचं काम कॉलर, मनगटं, पँटची खालची कड, मोज्यांचे तळवे आणि गणवेशाचे गुडघे एवढंच. फळीचे पाय टबात ठेवून ती साधारण ४५ अंशांत तिरपी करा आणि वरची कड पोटाला टेकवा. पाण्यात भिजलेल्या भागाला साबणाची वडी लावा, कापड दुमडून दुहेरी करा आणि वरून खाली घासा. पाच-सहा वेळा घासून पाण्यात बुडवायचं, बघायचं. कॉलरची घडी आतून घासा, कारण मळ त्या घडीच्या रेघेत बसतो आणि कापड विरतंही तिथेच.

पत्र्याच्या फळीवरचा जस्ताचा थर उडाला की तिथे गंज येतो. जस्त गेलेली फळी टाकून द्यावी, रंगवून वापरू नये. समुद्राच्या हवेत हे लवकर होतं, म्हणून इथे लाकडाची किंवा प्लास्टिकची फळी बरी.

पिळायचे रूळ

चौकटीत एकावर एक दोन रूळ, वर दाबाचा स्क्रू, बाजूला हँडल आणि दातेरी चाकं, एवढंच हे यंत्र. रबराचे रूळ घ्या. लाकडी रुळांची जुनी यंत्रं चोरबाजारात कधीमधी दिसतात, शोभेला छान असतात, पण दमट हवेत त्यांचे रूळ फुगतात आणि वाकतात. रुळांची लांबी ३० सेंटीमीटर असेल तर चादरही घडी करून जाते. क्लॅम्प टबाच्या पातळ प्लास्टिकच्या कडेला लावू नका, हँडल फिरवताच कड वाकते. ओट्याच्या किंवा मोरीच्या कट्ट्याच्या काठाला लाकडी पट्टी मध्ये घालून घट्ट बसवा.

हे यंत्र पाणी कसं वाचवतं ते आकड्यांत बघा. दीड किलो कपडे नुसते निथळून घेतले तर त्यांत साधारण ३ लिटर साबणाचं पाणी राहतं असं धरू. ते १० लिटर स्वच्छ पाण्यात टाकले की साबण सव्वाचार पटीने पातळ होतो, दुसऱ्या पाण्यात पुन्हा तेवढाच, म्हणजे दोन पाण्यांनंतर मूळ साबणाचा एकोणिसावा हिस्सा उरतो. तेच कपडे प्रत्येक वेळी रुळांतून काढून दीड लिटरवर आणले तर दोन पाण्यांनंतर एकोणसाठावा हिस्सा उरतो. बादल्या तेवढ्याच, साबणाचं प्रमाण एक-तृतीयांश. म्हणून पिळणं शेवटी एकदा करायचं काम नव्हे. साबणातून काढल्यावर एकदा, पहिल्या पाण्यानंतर एकदा आणि शेवटी एकदा, असं तीनदा करा.

पाण्याचा क्रमही उलटा लावा. आधी पांढरे, मग फिके, मग गडद. पांढऱ्यांचं शेवटचं पाणी ठेवून द्या, ते पुढच्या घाण्याला पहिलं खळबळायचं पाणी होतं. रुळांखालून गळणारं साबणाचं पाणी परत साबणाच्या बादलीतच पडू द्या.

कपडा रुळांत घालताना बटणं आत दुमडा आणि चेन लावून आत घ्या. उघडं बटण रुळांत गेलं की एकतर ते फुटतं किंवा रबराला खाच पडते, आणि ती खाच पुढे प्रत्येक कपड्यावर ओली रेघ सोडते. शर्ट शेपटीकडून घाला, कॉलर शेवटी. जीन्स पायांकडून, कमरेचा पट्टा येईपर्यंत स्क्रू थोडा सैल करायचा. कपडा नेहमी पसरून, रुळांच्या मध्यावर. एका बाजूला गोळा गेला की रूळ तिरके होतात आणि चाकांचे दाते सुटतात. हँडल जड लागलं तर जोर लावू नका, उलटं फिरवून कपडा बाहेर काढा आणि पातळ करून पुन्हा घाला.

पदर खोचलेला हवा, केस बांधलेले, बांगड्या मागे सारलेल्या, मंगळसूत्र आत. कपडा आत सरकवायला बोटं नकोत, लाकडी उलथनं वापरा. एकाने कपडा लावायचा आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं असेल तर कपडा लावणाऱ्याने ‘फिरव’ म्हटल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. मुलांना हे यंत्र फार आवडतं, म्हणून हँडल काढून वर ठेवा.

हँडलचं पिंप

घेतलंच असेल तर ते निम्मंच भरा. कपडे वर उचलले जाऊन खाली आपटले पाहिजेत, धुणं त्या आपटण्यात आहे. ४० सेंटीमीटर व्यासाचं आडवं पिंप मिनिटाला साधारण ६५ फेऱ्यांच्या पुढे फिरवलं की कपडे भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात आणि मेहनत वाया जाते. ४०-४५ फेऱ्या पुरे, दर दहा फेऱ्यांनी दिशा बदला. आतून ‘धप्प’ असा आवाज येत राहिला तर वेग बरोबर आहे. घट्ट झाकणाच्या पिंपात गरम पाणी घातलं असेल तर आतली हवा तापून दाब वाढतो, झाकण थोडं थोडं सैल करत उघडा. मोरीच्या जाळीवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा बांधा, नाहीतर धाग्यांची लव ट्रॅपमध्ये बसते आणि पाणी खोलीत येतं.

नीळ आणि पावसाळा

नीळ शेवटच्या पाण्यात, वेगळ्या मग्यात कालवून, मग बादलीत. पाणी हातात घेतल्यावर जेमतेम निळसर दिसलं की थांबा. कपडे मोकळे करून एकदम बुडवा आणि लगेच काढा, पडून राहिले तर घड्यांवर निळे पट्टे येतात. नीळ लावलेला कपडा रुळांतून काढल्यावर पुढचा कपडा घालण्याआधी रूळ ओल्या फडक्याने पुसा.

जून ते सप्टेंबर जीन्स आणि चादरी एकाच दिवशी काढू नका. रुळांतून दोनदा काढलेला शर्ट पंख्याखाली रात्रीतून वाळतो, हाताने पिळलेल्या चादरीला दुसरी सकाळ उजाडूनही दमट वास येतो. हँगरमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि पंख्याचा वारा वरून येण्याऐवजी बाजूने लागेल असं बघा. वास आलाच तर कपडा परत धुवावा लागतो, अत्तराने तो जात नाही.

यंत्राचीही या दिवसांत काळजी घ्यावी लागते. काम संपलं की दाबाचा स्क्रू सैल करून रूळ एकमेकांपासून सुटे ठेवा, नाहीतर रबर एका बाजूला चपटं होतं आणि पुढच्या वेळी दर फेऱ्याला हँडल अडखळतं. रूळ साबणाच्या पाण्याने पुसायचे, रॉकेल किंवा खोबरेल लावायचं नाही, रबर मऊ पडून चिकट होतं. ग्रीस फक्त चाकांच्या दात्यांना, काडीच्या टोकावर बसेल एवढंच.