डिफेन्समनला नावं ठेवताय? आधी या चुका टाळा

टोरांटोला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आइस हॉकी बघायला लागलो, तेव्हा डिफेन्समन म्हणजे मागे थांबून आडवा येणारा माणूस एवढंच मला कळायचं, आणि तेवढ्या भांडवलावर मॅच संपली की मी सुरू, हा भंगार आहे, त्याला काढा, ह्याला कशाला एवढे पैसे देतात. क्रिकेट बघत मोठे झालोय, मत द्यायला आपल्याला कोण अडवणार! शेजारच्या आजोबांनी एकदा हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी पण केलंय हे, लॅरी मर्फीची हुर्यो उडवणाऱ्यांत मी होतो.

मर्फी म्हणजे इथल्याच स्कारबरोचा पोरगा. १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या मोठ्या लीगच्या टीम नवी पोरं निवडतात तिथे, चौथा नंबर, लॉस एंजेलिस किंग्जकडून पहिल्याच सीझनला ७६ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), तोवर कुठल्याच नवख्या डिफेन्समनने एवढे केले नव्हते. पुढे पिट्सबर्गसोबत १९९१ आणि १९९२ असे दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. १९९५ मध्ये घरच्या टीमकडे, टोरांटोकडे आला, आणि घरच्याच लोकांनी काय केलं तर त्याच्याकडे पक (हॉकीतली रबराची चकती) गेला रे गेला की हुर्यो. मार्च १९९७ मध्ये टीमने त्याला जवळपास फुकटात डेट्रॉइटला देऊन टाकला. त्याच जूनमध्ये डेट्रॉइटने कप जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला, दोन्ही वेळा मर्फी टीममध्ये. टोरांटो १९६७ पासून वाट बघतंय ते बघतंयच, जाऊ दे.

पहिली चूक : पाय बघणं

मर्फी स्लो होता, हे खरंच आहे. पण तो आधीच योग्य जागी असायचा, मग पळायचं कशाला? हे मला टीव्ही बघून नाही कळलं, शनिवारी रात्री आमच्यासारख्या नवशिक्यांची लीग असते तिथे डिफेन्सला उभा राहिलो तेव्हा कळलं. समोरून फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला येणारा, आला की मी ब्लू लाइनवर (आपला भाग सुरू होतो त्या निळ्या रेषेवर) त्याच्या अंगावर धावून जायचो, पकवर नजर ठेवून स्टिक मारायचो, आणि तो आरामात माझ्या दोन पायांच्या मधून पक काढून पुढे. एका मॅचला तीनदा झालं हे, आपला गोली, म्हणजे गोलकीपर, माझ्याशी बोलेनासा झाला. मग कोचने सांगितलं, पक बघू नकोस, त्याची छाती बघ. पक डावीकडे दाखवून उजवीकडे नेता येतो, छाती नाही नेता येत. मागे मागे स्केट करत राहायचं, मध्ये साधारण एका स्टिकचं अंतर ठेवायचं, आपण आतल्या बाजूला राहून त्याला बोर्डकडे, म्हणजे कडेच्या भिंतीकडे, ढकलत न्यायचं, तिकडे त्याची जागा आपोआप संपते. लांबून बघणाऱ्याला वाटतं हा काहीच करत नाहीये, नुसता मागे सरकतोय. तेच तर काम आहे.

धडका मोजत बसू नका

डेट्रॉइटचा निकलस लिडस्ट्रॉम १५६४ मॅच खेळला आणि सगळ्या मिळून त्याच्या पेनल्टी (नियम मोडला की बाहेर बसायची शिक्षा) फक्त ५१४ मिनिटांच्या, म्हणजे सहा मॅचला एखादी दोन मिनिटांची. स्टिक योग्य जागी टेकवून ठेवायचा, पासची वाटच बंद. आता ह्याच्या उलट नमुना त्याच टीममध्ये होता, व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव, तो समोरच्याला असा आपटायचा की समोरचे लोक तिकडून जायलाच कचरायचे. डेट्रॉइटने दोघांना १९८९ च्या एकाच ड्राफ्टमध्ये घेतलं होतं, लिडस्ट्रॉम ५३ वा, कॉन्स्टँटिनोव २२१ वा. कॉन्स्टँटिनोवचं करिअर १९९७ च्या कपनंतर सहाच दिवसांत लिमोझिनच्या अपघाताने संपलं, पुढच्या वर्षी डेट्रॉइटने वॉशिंग्टनमध्ये कप जिंकल्यावर कॅप्टन आयझरमनने तो व्हीलचेअरमधल्या कॉन्स्टँटिनोवच्या हातात दिला. तर धडक वाईट असं नाही, पण हिटचा आकडा बघून डिफेन्समन जोखायचा म्हणजे आवाज ऐकून ढोलकीवाल्याला मार्क देण्यासारखं.

प्लस-मायनसवर डोळे झाकून विश्वास

तुम्ही बर्फावर असताना आपल्या टीमने गोल केला की अधिक एक, खाल्ला की उणे एक, पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा माणूस पेनल्टीत बाहेर बसलेला असताना जास्तीच्या माणसाने केलेले, गोल धरत नाहीत. सोपं वाटतं, म्हणून सगळे हाच आकडा फेकतात. पण बरोबरच्या चार जणांची आणि गोलीची करणी पण ह्यातच येते. लिडस्ट्रॉमचा अख्ख्या करिअरमध्ये एकच सीझन मायनसमध्ये गेला, २०१०-११, उणे दोन, आणि त्याच सीझनला त्याला सातवी नॉरिस ट्रॉफी मिळाली, म्हणजे लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्समन! वय ४१.

वयाचीच घाई हीसुद्धा चूक. लिडस्ट्रॉमची पहिली नॉरिसच ३१ व्या वर्षी. मार्क जिओर्डानोला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही, मध्ये रशियात खेळून आला, २०१९ मध्ये ३५ व्या वर्षी नॉरिस घेतली. फॉरवर्डचं पटकन दिसतं, डिफेन्समनला वेळ लागतो, २२ वर्षांच्या पोराला तीन चुकांवरून मोडीत काढू नका.

पकच दिसत नाही, काय करू?

सगळ्यांचं होतं हे, पक तीन इंचाचा, कॅमेरा हलतोय. मग सोडा त्याला. एका शिफ्टला, म्हणजे साधारण पाऊण मिनिट, एकच डिफेन्समन धरा. आपल्या गोलच्या मागे पक आणायला गेला की पकपर्यंत पोचायच्या आधी त्याने खांद्यावरून मागे बघितलं का, ते बघा, भारी असेल तर एकदा नाही, दोनदा बघेल. मग पहिला पास कुणाकडे गेला, सरळ आपल्या माणसाच्या स्टिकवर की घाबरून कडेच्या काचेवर आदळला? मैदानात जाणार असाल तर गोलच्या मागची वरची स्वस्तातली सीट घ्या, तिथून हे सगळं नीट दिसतं. आजोबा तिथेच बसतात.