जुन्या स्पोर्ट्स कारचा रंग आणि लेदर घरच्या घरी कसं सुधारायचं

पंचवीस-तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार दारात आली की पहिल्याच दिवशी हात शिवशिवायला लागतात, पॉलिशचं मशीन काढू, कंपाउंड (रंग जोरात घासणारी पेस्ट) मारू, संध्याकाळपर्यंत आरसा करून टाकू. जरा दम धरा. पहिला अख्खा दिवस फक्त धुण्यात घालवा. "रंग गेलाय", "लेदर गेलंय" म्हणून मला दाखवलेल्या गाड्यांत निम्म्या वेळा नुसता मळ निघालाय, आणि मळ काढायला रंग घासावा लागत नाही. घासलेला रंग कमी होतो आणि तो काही परत उगवत नाही.

मुळात असतोच किती? कंपनीतून आलेला सगळा रंग, खालच्या प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत (सगळ्यात वरचा पारदर्शक थर), साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. त्यात क्लिअर कोट ४०-५०. माणसाचा केस ७० च्या आसपास धरा, म्हणजे आपण ज्या थरावर मशीन चालवणार तो केसापेक्षा बारीक, आणि आधीच्या मालकांनी रबिंग करून करून त्यातला किती खाल्लाय देव जाणे.

आधी धुणं

गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) दर वेळी आधी साध्या पाण्यात खळखळवून मगच शॅम्पूत. भांड्यांचा साबण नको. नंतर आयर्न रिमूव्हर फवारायचा, ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतलेली असते ती जांभळी होऊन ओघळते (वास कुजक्या अंड्यासारखा येतो, घाबरू नका, फक्त गाडीवर सुकू देऊ नका). डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा.

आता हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून कणीदार लागतो, तेवढं क्ले बारचं (रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) काम शिल्लक आहे. भरपूर लुब्रिकंट मारून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, धुऊन वापरू नका, आत अडकलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघोट्या ओढतो.

रंग कोणता आहे ते ओळखा

ही पायरी लोक सोडतात आणि मग रडतात. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन लपलेल्या जागी, डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला वगैरे, घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज, म्हणजे वर क्लिअर कोट नाही, रंगच उघडा आहे. नाही लागला तर वर क्लिअर आहे. फक्त पांढऱ्या गाडीला ही टेस्ट काळ्या फडक्यावर करा.

शक्य असेल तर जाडी मोजायचं मीटर उसनं आणा. २०० मायक्रॉनच्या वर आकडे आले तर तो भाग परत रंगवलेला, ५००-६०० च्या पुढे गेले तर खाली लांबी (पोचे भरायची पुटी) भरलेली असण्याची शक्यता दाट. यात एक गंमत आहे. एका मित्राच्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ वर मी मीटर लावलं, दारं व्यवस्थित आणि बॉनेटवर आकडाच येईना, मी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो की बॉनेट लांबीने भरलेलं आहे. बॉनेट ॲल्युमिनियमचं निघालं, आणि माझं मीटर फक्त लोखंडावर चालणारं. शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी तर १९५३ पासून फायबरची, तिथे अशा मीटरचा काही उपयोग नाही.

क्लिअर कोट पांढरट पडून पोपडे सुटले असतील तर तिथे पॉलिशचं काम संपलं, तो पॅनल परत रंगवायलाच लागतो. रंगाखाली गंजाचे फुगे असतील तर तेही आधी पत्र्याचं काम. आणि रंग खूप जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका, जे काय घासायचं ते ओलं, मास्क लावून.

पॉलिश

सगळ्या कडा, बॉडीच्या धारदार रेषा, रबर, काळं प्लास्टिक, बॅज यांवर मास्किंग टेप. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. मी एकदा "फक्त दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणून दाराची कड टेप न लावता घेतली आणि बोटभर लांबीचा प्रायमर राखाडी चमकायला लागला, ते दोन मिनिटांचं काम मला अख्ख्या दाराच्या पेंटिंगला पडलं.

मशीन ड्युअल ॲक्शनचं घ्या, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता डोलतंही. रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी, झपाझप रंग काटते पण एका जागी तापते, नवख्याच्या हातात देऊ नये असं माझं मत आहे. अर्धा मीटर चौकोनात टेस्ट स्पॉट करा आणि सगळ्यात मवाळ जोडीने सुरुवात करा, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. नाही भागलं तर जरा कडक पॅड घ्या, तरी नाही तर कंपाउंड. पॅडवर वाटाण्याएवढे ३-४ थेंब पुरतात. मशीन बंद असताना पॅड टेकवून पॉलिश पसरवा, मग मशीनच्या डायलवर ४ च्या आसपास स्पीड, हात एकदम संथ, सेकंदाला २-३ सेंटिमीटर, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत आडवे आणि उभे मिळून ४ ते ६ हात. दाब म्हणाल तर मशीनच्या वजनाहून थोडा जास्त, पॅड फिरायचं थांबलं म्हणजे तुम्ही रेटताय. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचं, हे कंटाळवाणं आहे पण भरलेलं पॅड नवीन रेघा पाडतं.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं. पाण्यात १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून फवारा, पुसा, मग टॉर्च तिरपा धरून बघा. जे दिसेल ते खरं. नख अडकेल इतका खोल ओरखडा पूर्ण काढायच्या नादाला लागू नका, त्याच्या कडा मवाळ झाल्या की तीन फुटांवरून दिसत नाही आणि जुन्या गाडीला तेवढं शोभतं.

सिंगल स्टेज असेल तर, खासकरून विटका लाल, मशीन लगेच नको. असा रंग कोरडा पडलेला असतो. तेलकट, अजिबात न काटणारं ग्लेझ जाडसर थर देऊन टर्किश फडक्याने हाताने चोळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुसलं की फडका लालभडक होतो आणि खालून असा काही गडद रंग येतो की आपल्यालाच खोटं वाटतं. एकदा-दोनदा हे करून मग मऊ पॅडने हलकं पॉलिश. इथे अल्कोहोल वापरू नका, आत्ताच दिलेलं तेल परत ओढून काढाल.

दगडांचे टवके: गाडीच्या प्लेटवरचा कलर कोड बघून टचअप रंग आणा, टवका अल्कोहोलने साफ करा आणि टूथपिकच्या टोकाने थेंब सोडा. एकदम भरायचा नाही, पातळ ३-४ थर, मध्ये सुकायला वेळ. पॉलिशच्या आधी हे केलं तर उत्तम, मात्र भरलेला रंग काही दिवस नीट कडक झाला पाहिजे. शेवटी सिंगल स्टेजवर कार्नुबा वॅक्स, क्लिअरवर वॅक्स किंवा सीलंट, जे झेपेल ते.

लेदर

इथेही आधी ओळख. आतल्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर लेदरवर रंगाचा थर आहे, बहुतेक गाड्यांत हेच असतं. थेंब मुरला आणि डाग गडद झाला तर ॲनिलिन (वर रंगाचा थर नसलेलं लेदर) आहे किंवा वरचा थर झिजलाय, तिथे सगळं हलक्या हाताने. आणि सीटची मागची बाजू, दाराचे पॅनल बऱ्याचदा लेदर नसून व्हिनिल असतात, त्यांना महागडं कंडिशनर पाजण्यात अर्थ नाही.

व्हॅक्यूम करून लेदर क्लीनरचा फेस ब्रशवर घ्या (सीटवर ओतू नका, शिलाईतून आत फोममध्ये जातं), मऊ ब्रशने हातभर जागा गोल गोल घासा, लगेच ओल्या मायक्रोफायबरने टिपा. फडका चहाच्या रंगाचा होईल, तो स्वच्छ निघेपर्यंत परत. स्वच्छ लेदर मॅट दिसतं. जी चकाकी लोक अभिमानाने दाखवतात ती माणसांच्या अंगाचा ओशटपणा. खोबरेल तेल, ऑलिव्ह ऑइल, मॅजिक इरेझर, बेबी वाइप्स यातलं काहीही नको, तेल धूळ धरतं आणि इरेझर म्हणजे बारीक पॉलिश पेपरच आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये नेहमी झिजतं ते ड्रायव्हर सीटचं दाराकडचं बोल्स्टर, म्हणजे कडेची उंच गादी. गाडी बुटकी, प्रत्येक जण त्याच्यावर घसरतच आत जातो. रंग उडून चिरा पडल्या असतील पण खालचं लेदर फाटलं नसेल तर घरी जमतं.

अल्कोहोलने ओशटपणा पूर्ण काढा, नाहीतर नवा रंग महिनाभरात सोलतो. ६०० ते ८०० चा पॉलिश पेपर घेऊन चिरांच्या उठलेल्या कडा हलकेच बसवा. बाईंडर (झिजलेलं लेदर घट्ट करणारं पातळ द्रव) स्पंजने मुरवा, सुकू द्या. मग लेदर फिलर, प्लास्टिकच्या पट्टीने चिरेत दाबून वरचं लगेच निपटून काढायचं, असे कागदासारखे पातळ ४-५ थर, प्रत्येक सुकल्यावर हलकं घासून. जाड एकच थर दिला तर बसल्या बसल्या वाळल्या चिखलासारखा तडकतो.

रंगाचा नमुना हेडरेस्टच्या खालून घ्या, तिथे ऊन लागलेलं नसतं, पण आधी तिथलंही साफ करा आणि बाकीच्या सीटशी पडताळा, नाहीतर एकच बोल्स्टर नवरदेवासारखं उठून दिसतं. रंग ओला असताना वेगळा दिसतो, म्हणून ठिपका लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात बघा. स्पंजने पुसायचं नाही, टिपत टिपत लावायचं, पहिला थर ठिगळासारखा दिसणारच, हेअर ड्रायर लांब धरून वाळवा आणि पुढचा द्या. तीन-चार थरांत झाकलं जातं. वर मॅट किंवा सॅटिन टॉपकोट (रंगावरचा संरक्षक थर), ग्लॉस अजिबात नको, सीट प्लास्टिकची वाटते.

मोठं फाटलं असेल, म्हणजे बोट आत जातं असं, तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक गोंदाने चिकटवा आणि मग फिलर. शिलाईच कुजली असेल तर सीट सोडवून शिवणाऱ्याकडे न्या, रंगवण्याआधी.

टॉपकोट झाल्यावर कमीत कमी २४ तास सीटवर कोणी बसायचं नाही, आठवडाभर क्लीनर लावायचा नाही, आणि सीट फिकट रंगाची असेल तर नवी कोरी निळी जीन्स घालून पहिल्या चकरेला जायचं नाही, तो निळा डाग निघता निघत नाही.