या चुका टाळा: केबल जोडली, तरी वीज का पोहोचत नाही?

मोबाइल, स्पीकर किंवा छोटा संगणक केबल जोडूनही सुरू झाला नाही, की पहिला संशय चार्जरवर जातो, दुसरा त्या वस्तूवर, आणि केबलची पाळी अगदी शेवटी येते. हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण टाइप-सी (कोणत्याही बाजूने लावता येणारी लंबगोल पिन) आल्यापासून केबल ही नुसती तार राहिलेली नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे तारेच्या जाडीकडे दुर्लक्ष करणे. तांब्याच्या २८ गेज तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, आणि वीज एका तारेने जाऊन दुसरीने परतत असल्यामुळे एक मीटरच्या केबलसाठी तो दुप्पट, म्हणजे ०.४२ ओहम धरावा लागतो. तिच्यातून २ अँपिअर प्रवाह गेला, तर जवळपास ०.८५ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात आणि चार्जरने दिलेल्या ५ व्होल्टपैकी वस्तूपर्यंत ४.१५ व्होल्टच पोहोचतात. तीच केबल २४ गेजची असेल (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड), तर घट सुमारे ०.३४ व्होल्टवर येते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ४.६३ व्होल्टच्या खाली कमी दाबाचा इशारा देतो. म्हणजे पहिल्या केबलवर तो अडखळेल आणि दुसरीवर जेमतेम तरेल. व्होल्टमीटर लावून पाहणारेही येथे फसतात, कारण वस्तू न जोडता मोजले तर प्रवाहच नसतो आणि बारीक केबलसुद्धा पूर्ण ५ व्होल्ट दाखवते. मोजमाप वस्तू चालू असतानाच करावे.

महागडी केबल सर्वत्र चालेलच, हा दुसरा गैरसमज. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत टाइप-सी पोर्टच्या दोन ओळख-पिनांना (समोर काय जोडले आहे, हे चार्जरला यांवरून कळते) स्वतंत्र रोधक, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, देण्याऐवजी एकच सामाईक रोधक दिला होता. साध्या केबलवर त्याने काही बिघडत नव्हते. पण ओळख-चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी छोटी चिप) असलेली, लॅपटॉपसोबत मिळणारी उत्तम केबल जोडली, की चार्जरला समोर संगणक नव्हे, तर ऑडिओचे उपकरण आहे असे वाटे, आणि तो वीजच सोडत नसे. दोष केबलचा नव्हता आणि चार्जरचाही नव्हता. पुढच्या आवृत्तीत ही रचना सुधारण्यात आली.

याचाच जुळा भाऊ म्हणावा असा दोष अनेक स्वस्त टॉर्च, ट्रिमर आणि स्पीकर यांत असतो. टाइप-सी चार्जर समोरच्या वस्तूतील ५.१ किलोओहमचा रोधक ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही. हा रोधक बसवलेलाच नसेल, तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल निरुपयोगी ठरते. मात्र चार्जरच्या जुन्या आयताकृती यूएसबी पोर्टवर ५ व्होल्ट कायम उपलब्ध असल्यामुळे त्या पोर्टची केबल लावताच तीच वस्तू मुकाट्याने चार्ज होऊ लागते. त्यामुळे ‘बिघडली’ म्हणून वस्तू परत करण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा, आणि घरात अशी एक तरी जुनी केबल सांभाळून ठेवावी.

लॅपटॉप १०० वॉटच्या चार्जरवरही मंद चार्ज होत असेल, तर केबलमध्ये ओळख-चिप आहे का ते पाहावे. चिप नसलेल्या केबलमधून ३ अँपिअरच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटच मिळतात.

टाइप-सीची पिन एका बाजूने लावल्यावर चालते आणि उलटी केल्यावर चालत नसेल, तर पोर्टमध्ये खिशातील धाग्यांचा कचरा साचलेला असण्याची किंवा एखादा संपर्क झिजलेला असण्याची शक्यता असते. वस्तू बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने पोर्ट साफ करावा. सुई किंवा टाचणी आत घालू नये. तरीही फरक पडला नाही, तर दुसरी केबल लावून पाहावी, आणि पिन काळवंडलेली किंवा वापरताना चटका बसण्याइतकी तापणारी केबल मात्र पुन्हा कशालाही जोडू नये.